पुण्यातील एक ऍलर्जी क्लिनिक: चाचणी चोख, पॅकेज मात्र टाळावे

ऍलर्जीच्या दम्यासाठी पुण्यातील एका खासगी क्लिनिकमध्ये मी स्किन प्रिक टेस्ट करून घेतली आणि पुढे इम्युनोथेरपीही, म्हणजे ज्याची ऍलर्जी आहे त्याचाच अर्क वाढत्या मात्रेत टोचण्याचा उपचार, सुरू केली. काही तक्रारी असल्यामुळे क्लिनिकचे नाव देत नाही. मात्र अशा सेवेकडून काय अपेक्षा ठेवावी, याचा अंदाज वाचकांना यावरून येईल.

चाचणीचा त्रास फारसा होत नाही. परिचारिकेने हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे टाकले, प्रत्येक आकड्याशेजारी ऍलर्जी आणू शकणाऱ्या एकेका घटकाच्या अर्काचा थेंब ठेवला आणि थेंबातूनच त्वचेला हलकेच टोचले. हिस्टामिनच्या (ऍलर्जीत शरीर सोडते त्या रसायनाच्या) थेंबाला गांधी उठलीच पाहिजे आणि सलाइनच्या थेंबाला उठता कामा नये, नाहीतर बाकीच्या निकालांवर भरवसा ठेवता येत नाही, हे तिने न विचारता सांगितले. पंधरा-वीस मिनिटांनी तिने पट्टी लावून मोजमाप केले. सलाइनपेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी गांधी आली तर निकाल पॉझिटिव्ह धरतात. धुळीतल्या माइटची (डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याची) माझी गांधी ८ मिलिमीटर भरली, झुरळाची ४. पुण्यात ज्याच्या नावाने सगळेच खडे फोडतात त्या काँग्रेस गवताची मात्र उठलीच नाही.

क्लिनिकची खरी जमेची बाजू म्हणजे अहवाल समजावून सांगण्यासाठी डॉक्टरांनी दिलेला वेळ. प्रतिकारशक्ती कमी पडते म्हणून दमा होतो, असे सांगून बाजारात काढे आणि गोळ्या खपवल्या जातात. डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार ऍलर्जीच्या दम्यात प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आपसातला तोल बिघडलेला असतो: टीएच-२ नावाच्या पेशी शिरजोर होतात आणि त्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी अपुऱ्या पडतात. टीएच-२ पेशींनी सोडलेल्या इंटरल्यूकिन-४ या संदेशवाहक प्रथिनामुळे बी पेशी माइटविरुद्ध आयजीई ही ऍलर्जीची प्रतिपिंडे बनवू लागतात, इंटरल्यूकिन-५ मुळे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढून श्वासनलिकांत गोळा होतात आणि इंटरल्यूकिन-१३ मुळे चिकट कफ साचतो. माझ्या रक्ततपासणीतील इओसिनोफिलच्या वाढलेल्या आकड्यावर बोट ठेवूनच त्यांनी हे सांगितल्याने, तात्पुरता आराम देणारा पंप श्वासनलिका सैल करत असला तरी आतली सूज त्याने का उतरत नाही आणि स्टिरॉइडचा पंप नियमित का घ्यायचा, हे पटले. नुसत्या साल्ब्युटामॉलवर, म्हणजे तात्पुरत्या आरामाच्या पंपातील औषधावर, दम्याचा रुग्ण ठेवू नये, असे ‘जिना’ या दम्यावरील आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वेही २०१९ पासून सांगत आहेत.

इम्युनोथेरपी त्यांनी लगेच सुरू केली नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते. दमा आटोक्यात नसताना ही इंजेक्शने धोक्याची ठरू शकतात, म्हणून आधी पंपाने लक्षणे आटोक्यात आणली, स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) पुन्हा केली आणि मगच पहिला डोस दिला. उपाय जुनाच आहे. लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये लंडनहून गवताच्या परागकणांवर असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. माइटचा अर्क अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत नेला की नियामक पेशी बळावतात आणि आयजीईला अटकाव करणारी आयजीजी-४ प्रतिपिंडे वाढतात. उपचार ३ ते ५ वर्षे चालतो आणि प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच थांबावे लागते.

तक्रारी स्वागतकक्षापासून सुरू होतात. तिथल्या ताईंनी खाद्यपदार्थांच्या लांबलचक यादीची रक्ततपासणी जोडलेले महागडे ‘पॅकेज’ घेण्याचा बराच आग्रह धरला. जो पदार्थ आपण त्रास न होता खातो, त्याचा निकाल पॉझिटिव्ह आला म्हणून तो सोडण्याचे कारण नसते, आणि अशा कागदावर विसंबून लोक उगाच दूध-गहू बंद करतात. इम्युनोथेरपीचा एकूण खर्चही तीनदा विचारल्यावर कळला. शिवाय दम्याच्या रुग्णांनी भरलेल्या त्या खोलीत गणपतीपुढे उदबत्ती धुमसत असते, याला काय म्हणावे!

पॅकेज नाकारून फक्त श्वासातून जाणाऱ्या घटकांची चाचणी करून घेणार असाल, तर हे क्लिनिक चांगले आहे. चाचणीआधी साधारण आठवडाभर सर्दी-खाजेच्या अँटिहिस्टामिन गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. अपॉइंटमेंट देताना हे कोणी सांगत नाही, म्हणून आपणच विचारून घ्यावे. पंप मात्र आपल्या मनाने थांबवू नये.