जुनी एमएम ५४० फोर बाय फोर: दहा महिने दुरुस्ती, अकरा महिने वापर

गाडी १९९१ ची, महिंद्राची जीप, एमएम ५४० डीपी, फोर बाय फोर म्हणजे चारी चाकांना इंजिनची ताकद देता येणारी. डीपी म्हणजे प्यूजोचं डिझेल इंजिन, एक्सडीपी ४.९०, चार सिलिंडर आणि ९० एमएमचा बोर (सिलिंडरचा आतला व्यास), म्हणून ४.९०, सीसी २११२. मार्च २०२४ ला बार्शीकडच्या एका शेतकऱ्याकडून १ लाख ४० हजाराला घेतली, तेव्हा ती दोन पावसाळे बाभळीखाली उभी होती, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं आणि मागच्या फळीला गंज इतका की बोट आरपार जायचं. जानेवारी २०२५ ला गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत ती रस्त्यावर आली, आता डिसेंबर चालू आहे, नऊ हजार किलोमीटर झाले. त्यामुळं आता लिहायला हरकत नाही, पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

घेतली का ते आधी सांगतो. घर सोलापुरात होटगी रोडला, शेत मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला. काळी माती. पाऊस पडून गेला की शेवटचे दीड किलोमीटर म्हणजे लोणी, पिकअप जात नाही, मोटरसायकलचं चाक मडगार्डमध्ये माती भरून जाम होतं, ट्रॅक्टर आणायला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. नवी फोर बाय फोर दहा लाखाच्या पुढं, ते जमणारं नव्हतं. जुनी घेऊन १ लाख २० हजारात उभी करायची असं ठरवलं. प्रत्यक्षात गाडीची किंमत सोडून १ लाख ७० हजार लागले. वर गेलेल्या पन्नासातले निम्मे इंजिन आणि टायरचं काम दोनदा केल्यामुळं गेले, आणि ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर लै बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठं दुखणं इंजिनचं. इंजिन फिरत होतं पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नव्हतं आणि ब्रीदरमधनं, म्हणजे आतली हवा बाहेर सोडायच्या तोंडातनं, धूर यायचा. मी ज्या गॅरेजला पहिल्यांदा दिलं त्यांनी लायनर-पिस्टनचा नवा सेट (लायनर म्हणजे पिस्टन जिच्यात वरखाली होतो ती नळी), बेअरिंग, गॅस्केट सगळं टाकून मजुरीसकट ४२ हजार घेतले, आठ दिवसांत गाडी दिली, आवाज छान, पिकअप छान. साधारण चारशे किलोमीटर झाल्यावर एका सकाळी मी ऑइलची पट्टी काढली आणि पट्टीवर काळ्या ऑइलऐवजी जास्त दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसला. फडक्यानं पुसली, परत बुडवली, परत तसंच. रेडिएटरचं पाणी रोज थोडं कमी होत होतं ते मी होजच्या क्लिपवर ढकलत होतो, ते सगळं पाणी खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जात होतं.

या इंजिनात लायनर वेट असतात, म्हणजे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट थंड करायचं पाणी फिरतं आणि खालच्या बाजूला सील असतं. लायनर ब्लॉकमध्ये जिथं बसतो ती बैठक घासून एकदम स्वच्छ करावी लागते आणि बसवल्यावर लायनरची वरची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा केसभर वर राहायला लागते, सगळ्या चारींची सारखी, कारण हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखालचं पॅकिंग, त्या कडेवर दाबून बसतं. पहिल्या ठिकाणी हे मापलंच नव्हतं. गाडी मी नंतर अक्कलकोट रोडच्या बाजूला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेली, मी त्यांना चाचा म्हणतो, त्यांनी हेड उघडून डायल गेज (बारीक फरक मापायचं काट्याचं यंत्र) लावला आणि मला जवळ बोलावून काटा दाखवला. दोन नंबर आणि तीन नंबरचा लायनर खाली बसलेला, आणि काढल्यावर दोन नंबरच्या बैठकीवर जुन्या गंजाची खपली तशीच होती, नखानं निघाली ती. चाचा काही बोलले नाहीत, पॉलिश पेपर घेऊन बसले आणि ती एक जागा त्यांनी तासभर घासली. नवीन सील, नवीन हेड गॅस्केट, ऑइल दोन वेळा (पहिलं फक्त धुवून काढायला), मजुरी धरून १६ हजार ५०० अजून गेले. त्यानंतर आजपर्यंत पट्टी काळीच आहे. मी अजूनही दर रविवारी बघतो.

तर कुणी एक्सडीपीचं काम करणार असेल तर गॅरेजवाल्याला एवढंच विचारा की लायनर बसवल्यावर मापणार कशानं. गेज असेल तो माणूस लगेच काढून दाखवतो.

डिझेल पंप आणि नॉझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड) वेगळं, १४ हजार. तिथं मी मुद्दाम उभा राहिलो. टेस्टरवर जुना नॉझल लावून हँडल मारलं तर टोकाला थेंब जमून खाली टपकत होता, नवा लावून मारलं तर बारीक धुकं उडालं आणि कर्रर्र असा आवाज आला. काळा धूर का येत होता ते त्या एका मिनिटात कळलं. डिझेल लाइनचे तांब्याचे वॉशर मात्र जुनेच राहिले आणि त्यानं पुढं महिनाभर छळलं, सकाळी गाडी चालू होऊन दहा सेकंदात बंद, कारण रात्रभरात लाइन एअर धरायची. रोज बॉनेट उघडून हँड पंप मारायचा. शेवटी सगळे वॉशर बदलले, खर्च दोनशेच्या आत. आणि हो, हे जुन्या पद्धतीचं इंजिन असल्यामुळं सकाळच्या पहिल्या स्टार्टला हीटर (सिलिंडर आधी गरम करणारा प्लग) द्यावाच लागतो, सोलापुरात मे महिन्यातसुद्धा. वीस-पंचवीस सेकंद थांबायचं मग चावी मारायची, घाई केली की बॅटरी उतरते.

आता स्टेअरिंग. मी इंजिनच्या मागं लागलो होतो तेव्हाच चाचा म्हणाले होते, "अण्णा, इंजिन नंतर. आधी पुढचं चाक उचला आन् वरखाली धरून हलवून बघा." हलवलं तर चाक टकटक करत बोटभर हलत होतं. चाळीस-पंचेचाळीसच्या पुढं एखादा खड्डा लागला की स्टेअरिंग हातात असं नाचायचं की गाडी उभी केल्याशिवाय थांबायचं नाही. एक-दोघांनी सांगितलं स्टेअरिंग डॅम्पर टाका, दोन हजारात काम होतंय. चाचा नको म्हणाले, डॅम्परनं थरथर दबते, खेळ तसाच राहतो. त्यांनी दोन्ही नकल (पुढचं चाक ज्यावर वळतं तो सांधा) खोलले, किंगपिनचे म्हणजे त्या सांध्याच्या खिळीचे बेअरिंग चारी गेलेले, ऑइल सील फाटलेलं आणि आतलं ग्रीस पाण्यानं लापशी झालेलं. नवीन बेअरिंग टाकून वरच्या टोपीखाली शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त करत बसवलं, टाय रॉड सुटा ठेवून, भाजीवाल्याकडं असतो तसला स्प्रिंगचा ताणकाटा नकलच्या दांडीला अडकवून ओढायचे आणि किती जोरात वळतंय ते बघायचे. एक शिम काढली की घट्ट, घातली की ढिलं. संध्याकाळी सात वाजले तरी चालू होतं. टाय रॉड एंड, पाट्याचे बुश, शॅकल धरून १३ हजार ८०० लागले आणि माझं स्पष्ट मत आहे की पूर्ण गाडीत हे सगळ्यात कारणी लागलेले पैसे. आता साठला एका हातानं जाते.

ब्रेक चारीला ड्रम. व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर नवीन, लोखंडी पाइप नवीन. सुरवातीला गाडी डावीकडं ओढायची, ते ब्रेकचे लायनर घासून अ‍ॅडजस्ट केल्यावर गेलं. आजच्या गाड्यांसारखा ब्रेक लागत नाही, पुण्याच्या हायवेला अंतर ठेवूनच चालवावं लागतं, हे घरच्या प्रत्येकाला मी चावी देताना सांगतो.

टायरमध्ये माझी चूक झाली. पैसे वाचवायला म्हणून आधी जुने रिमोल्ड टायर (झिजलेल्या टायरवर नवा पट्टा चढवलेले) ९ हजारात घेतले, एप्रिलच्या उन्हात सांगोल्याकडं जाताना एकाचा पट्टाच निघून आला आणि मागच्या मडगार्डचा पत्रा फाडला. नशीब मागचं चाक होतं. मग ६.००-१६ चे नवीन जाड गट्ट्याचे पाच घेतले, २५ हजार. टायरमध्ये वाचवू नका.

पासिंगचं सांगतो कारण सगळे विचारतात. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायला लागतं, गाडी समोर नेऊन तपासणी होते, पर्यावरण कर भरायला लागतो. माझ्या वेळी फी ५ हजार होती, ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांच्या वरच्या हलक्या चारचाकीला ती १० हजार झालीय, तेव्हा बजेटमध्ये धरा. सौदा करायच्या आधी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून बघा, आकडे स्वच्छ उठले पाहिजेत आणि आरसीशी जुळले पाहिजेत. मी आधी बघितलेली एक गाडी याच्यापेक्षा तीस हजारानं स्वस्त होती, पत्रा चकाचक, पण नंबरच्या जागी घासल्यासारखं वाटत होतं, सोडून दिली.

चालवायला कशी आहे? पंचावन्न-साठला खूश असते, सत्तरला इंजिन ओरडतं, त्याच्या वर मी नेत नाही. अ‍ॅव्हरेज डांबरीवर बारा, शेताकडं साडेदहा-अकरा. मे महिन्यात दुपारी मंगळवेढ्याहून कांद्याचं बियाणं आणताना तापमानाचा काटा चढायला लागला होता, रेडिएटरचा कोअर नवीन घालूनही, तेव्हा लक्षात आलं की फॅनच्या भोवतीची पत्र्याची टोपीच गाडीला नाही. ती बनवून घेतली ९०० रुपयांत, परत काटा हलला नाही. एसी नाही, दार कापडी, उन्हाळ्यात तोंडावर भट्टीसारखी हवा येते. लांबच्या प्रवासाला घरच्यांना नेत नाही मी.

पण ज्याच्यासाठी घेतली ते काम. मेन गिअरच्या बाजूला दोन बुटके दांडे आहेत, एक पुढची चाकं जोडायला, दुसरा हाय-लो, लो म्हणजे चाल कमी पण ताकद जास्त. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडत नाही. मधे डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा गोळा) नसल्यामुळं पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधली जातात, त्यामुळं फोर बाय फोर फक्त मातीत, चिखलात, वाळूत. डांबरीवर तसंच वळवलं की सगळं ताण धरतं आणि दांडा निघतच नाही. मी पहिल्याच आठवड्यात हे केलं, जोर लावून ओढत होतो, चाचांनी फोनवर सांगितलं की दांड्याला हात न लावता चार फूट रिव्हर्स घ्या. घेतली, खट करून सुटला.

सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा पहिल्यांदा हिची खरी गरज लागली. आमची वस्ती उंचावर, पाणी दारापर्यंत आलं नाही पण मधला रस्ता आणि ओढा भरून आले. पाणी उतरायला लागल्यावर तीन दिवस मी लोमध्ये दुसऱ्या गिअरला फेऱ्या मारल्या, पलीकडच्या वस्तीवरची म्हातारी माणसं, दोन शेरडं, पिठाची पोती, भिजलेली पाण्याची मोटर. काळ्या चिखलात थांबायचं नाही आणि रेस वाढवायची नाही, एका चालीत जाऊ द्यायचं. दोनदा बुडी धरली, दोन्ही वेळा मागं घेऊन परत त्याच चाकोरीनं निघाली. आमचे आबा पुढं बसले होते, ते पूर्वी कारखान्याच्या जीपमधनं ऊस बघायला फिरायचे, तिसऱ्या दिवशी ओढा ओलांडल्यावर डॅशबोर्डच्या पत्र्यावर हात ठेवून बराच वेळ तसेच बसले.

पाण्यातनं आल्यावर ब्रेक नीट लागत नाहीत, हळू चालवत पाय ठेवून वाळवायला लागतात. आणि चाकाच्या हबच्या वर पाणी गेलं असेल तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलच्या डिफरन्शियलचं ऑइल बघाच. गरम झालेला डिफरन्शियल एकदम थंड पाण्यात गेला की आत हवा आकसते आणि ब्रीदरमधनं पाणी ओढून घेतो. माझ्या पुढच्याचं ऑइल परत त्या चहाच्या रंगाचं निघालं, बघितल्यावर पोटात गोळाच आला. दोन्हीचं बदललं, चारी चाकांचं ग्रीस बदललं, आणि ब्रीदरला रबरी नळी लावून बॉनेटच्या खाली उंच बांधून टाकली, ऐंशी रुपयांची नळी.

राहिलेली कामं अशी: ट्रान्सफर केसमधनं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) ऑइल पाझरतं, रोज रुपयाएवढा डाग पडतो, तो सील ऊस गेल्यावर करणार. वायपर अजून अडखळतो. रंग अजून दिलेला नाही, गंज काढून प्रायमर मारलाय तेवढाच, त्यामुळं पेट्रोल पंपावर पोरं विचारतात काका कधी पूर्ण होणार. चाचांचा आग्रह होता की एक पावसाळा जाऊ द्या, पत्रा परत कुठं फुटतो ते कळू द्या मग रंग मारा. पावसाळ्यात डाव्या पायरीखाली फुटला. पुढच्या आठवड्यात तो तुकडा कापून वेल्डिंगला देतोय.