सहा सालं, बारा बाटल्या: बोल्गेरीची रेड वाइन, नऊ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात इटलीतल्या टस्कनीहून म्युनिकला परतताना डिकीत बारा बाटल्या होत्या. एकाच बागेची, एकाच नावाची वाइन, बोल्गेरी रोस्सो. साल, म्हणजे द्राक्षं तोडली ते वर्ष, मात्र २०१४ ते २०१९, प्रत्येकाच्या दोन-दोन. दुकानदाराने भिंतीवर तारे दिलेला तक्ता लावला होता. २०१५, २०१६ आणि २०१९ ला पाच तारे, २०१४ आणि २०१७ ला तीन. २०१४ ची बाटली २६ युरोला, २०१६ ची ३८ ला. बायको म्हणाली, "सगळीच घे, कळेल तरी फरक कशाचा आहे." तेव्हापासून महिन्याला एक-दीड बाटली या हिशोबाने चाललंय. एक शिल्लक आहे. म्हटलं आता लिहायला हरकत नाही.

आधी जागेबद्दल थोडं. बोल्गेरी हे लिव्होर्नो जिल्ह्यातलं छोटं गाव. पश्चिमेला काही किलोमीटरवर समुद्र, पूर्वेला डोंगर, मधल्या पट्ट्यात द्राक्षं. टस्कनी म्हटलं की सांजोव्हेझे हे द्राक्ष आठवतं, पण इथे काबर्ने सोव्हिन्यों, काबर्ने फ्रां आणि मेर्लो, म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दोची मंडळी. मारिओ इंचिसा देल्ला रोक्केत्ता यांनी १९४० च्या दशकात इथे काबर्ने लावलं आणि घरच्यापुरती वाइन केली. ती सासिकाया या नावाने बाजारात आली १९६८ च्या सालापासून. इथल्या रेडला बोल्गेरीचा सरकारी शिक्का मिळाला तो थेट १९९४ मध्ये. सासिकायाच्या १९८५ ला अमेरिकन वाइन-समीक्षक रॉबर्ट पार्करने शंभरपैकी शंभर दिले, २०१५ ला एका मोठ्या अमेरिकन मासिकाने वर्षातली सर्वोत्तम वाइन ठरवलं. ती काही मी विकत घेणाऱ्यांतला नाही. माझी बाटली त्याच पट्ट्यातली, पण रोजच्या जेवणाची.

माझा समज असा होता की गरम किनाऱ्यावर सालाचं एवढं काय कौतुक. ऊन तर दरवर्षी असतंच. बोर्दोत द्राक्षं पिकतील की नाही ही धाकधूक असायची, तिथे साल बघणं ठीक. हा समज पहिल्याच बाटलीला उतरला.

ती २०१७ ची होती. दिवाळीनंतरचा शनिवार, घरी मटणाचा रस्सा, कांदा-लसूण मसाला सढळ हाताने. बूच काढलं आणि वास आला तो थेट मनुकांचा, शिजवलेल्या जांभळांचा. पहिला घोट झकास. पण रश्श्याबरोबर तिसऱ्या घोटाला जिभेवर जाळ. लेबल बघितलं तर अल्कोहोल साडेचौदा टक्के. तिखटाला इतकी कडक दारू अजून भडकवते, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. आणि गिळल्यावर मागे जो तुरटपणा राहत होता, तो कोरडा, धुळीसारखा.

रविवारी अप्पांना फोन केला. आमची नाशिककडे पिंपळगावजवळ बाग आहे, थॉमसन या खायच्या द्राक्षांची. मधली चार वर्षं अप्पांनी वाइनची द्राक्षंही लावून पाहिली होती. वाइन त्यांनी आजवर घेतली नाही, पण द्राक्षात त्यांना काही सांगायला जावं लागत नाही.

"त्या वर्षी पाऊस कसा होता तिकडं?"

"नव्हताच अप्पा. वसंतापासून कोरडं, उन्हाळा भाजून काढणारा."

"मग मणी बारीक, साल जाड. वरून गोडी चढत गेली असंल भराभरा. पण गोडी चढली म्हंजे माल तयार झाला असं नाही रे. बी चावून बघितली होती का त्यांनी?"

मामला नेमका इथेच आहे. पारा पस्तिशीच्या वर गेला आणि मुळाशी ओल नसली की वेल पानांची तोंडं मिटून घेतो, काम बंद. पाणी उडून मण्यातली साखर घट्ट होत राहते, आंबटपणा उष्णतेने जळत जातो, पण बी आणि सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, पिकायला जो वेळ हवा तो मिळतच नाही. उशीर करावा तर द्राक्षाचं लोणचं, घाई करावी तर बी हिरवी. २०१७ मध्ये टस्कनीत तोडणी लवकर झाली. कोरड संपली तीही कशी, ९-१० सप्टेंबरच्या रात्री लिव्होर्नो शहरात ढगफुटीसारखा पाऊस होऊन पूर आला, माणसं गेली. उन्हाळाभर थेंब नाही आणि मग एका रात्रीत सगळं. नाशिककडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

या सालाची दुसरी बाटली जानेवारीत काढली, ती आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून आणि बिनमसाल्याच्या भाजलेल्या मांसाबरोबर. खूपच बरी लागली. तुमच्याकडे २०१७ पडून असेल तर असंच करा, आणि फार वर्षं ठेवू नका.

आता २०१४. सगळ्यात स्वस्त म्हणून मी ती डिसेंबरातल्या एका मंगळवारी, वरण-भात आणि वांग्याच्या भरीताबरोबर उघडली. कुणी मंगळवारी भरीताबरोबर दहा वर्षं जुनी वाइन उघडतं का? पण कौतुक नव्हतंच तिचं. त्या वर्षी टस्कनीचा उन्हाळा गार आणि ओला गेला. काढणी निभावली ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पडलेल्या कोरड्या उन्हाने. ग्लासात रंग कडेला विटेसारखा झालेला. वास सुकलेल्या पानांचा, तंबाखूचा, आणि मागे किंचित ढोबळी मिरची. काबर्ने पुरतं पिकलं नाही की हा मिरचीचा वास राहतो. पुस्तकात त्याला दोष म्हणतील, भरीताशेजारी मला तो सोयरा वाटला. अल्कोहोल तेरा टक्के. घोट हलका, आंबटपणा जागा, तोंड प्रत्येक घासाला पुन्हा स्वच्छ. आम्ही दोघांनी कधी नाही ती बाटली जेवणातच संपवली.

खरं सांगायचं तर मे महिन्यात उघडलेली दुसरी २०१४ दमलेली निघाली. वास होता, चव नव्हती. म्हणजे तक्त्यावरचे तीन तारे अगदीच खोटे नव्हते. ते वाइनचं आयुष्य सांगत होते, मी त्याला चव समजलो.

२०१५ पाहुण्यांना आवडली. दोन्ही वेळा. त्या वर्षी जुलै तापला, पण ऑगस्टात पाऊस येऊन वेलींना दम मिळाला. वाइन भरघोस, गोलाई असलेली, पहिल्या घोटालाच "वा!" म्हणायला लावणारी. मला मात्र दोन ग्लासांनंतर पुरे वाटलं.

२०१६ च्या पहिल्या बाटलीने डोकं फिरवलं. बूच काढलं तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. बूच खराब असलं की हे होतं, सालाचा किंवा बागेचा त्यात काही दोष नाही. दुकानाला फोटोसकट ईमेल केली. उत्तर आलं की बाटली इकडे आणून दाखवा. आल्प्स ओलांडून, उघडी बाटली घेऊन! ३८ युरो भांडी घासायच्या सिंकमध्ये गेले. दुसरी बाटली सुदैवाने ठीक होती आणि सहा सालांतली सगळ्यात चांगली तीच. उन्हाळा कोरडा पण रात्री गार, त्यामुळे पिकलेपणही आहे आणि ताजेपणही. पुदिन्यासारखं काहीतरी नाकाला लागत होतं. दुसऱ्या दिवशी उरलेला ग्लास आदल्या दिवसापेक्षा चांगला लागला. ही एकच वाइन मी तक्त्याशी वाद न घालता प्यायलो.

२०१८ बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वसंतात पाऊस, वाइन सडपातळ, पिझ्झाबरोबर छान. २०१९ अजून आवळलेली आहे, दोन तास आधी मोठ्या भांड्यात ओतून ठेवली तेव्हा कुठे बोलायला लागली.

जवळच्या ओर्नेल्लाया या बड्या वाइनरीची एक पद्धत मला तक्त्यापेक्षा पटते. २००६ पासून ते प्रत्येक सालाला तारे नाही, नाव देतात. २०१४ चं नाव 'सार', २०१६ चं 'ताण', २०१७ चं 'सोलारे', म्हणजे उन्हाचं, २०१८ चं 'लालित्य', २०१९ चं 'जोम'. विक्रीची क्लृप्ती आहे, मान्य. पण मी नऊ महिने जे चाखलं त्याच्याशी ही नावं तीन आणि पाच ताऱ्यांपेक्षा जास्त जुळली.

घ्यायची असेल तर माझा सल्ला एवढाच. इथे ऊन कमी पडत नाही. कमी पडतो तो रात्रीचा गारवा आणि वेळेवरचं पाणी. म्हणून साल बघताना किती तापलं यापेक्षा ऑगस्टात पाऊस आला का, सप्टेंबर कसा गेला हे विचारा. मेर्लो आधी तयार होतं, काबर्ने मागून, त्यामुळे एकाच पावसात एक सुटतं आणि दुसरं सापडतं. जमिनीचंही तेच. चिकणमातीत ओल टिकते म्हणून दुष्काळात ती बाग तरते, ओल्या वर्षी मात्र दगडगोट्यांची जमीन बरी, पाणी निथळून जातं. म्हणून एका सालाला सगळ्या पट्ट्यासाठी एकच शिक्का मारणं मला पटत नाही. मसालेदार जेवण असेल तर लेबलावरचं अल्कोहोल आधी वाचा, तारे नंतर.

बाटल्या तळघरात, चौदा-पंधरा अंशात होत्या. एक २०१८ मी आळसाने स्वयंपाकघरात हीटरशेजारी दोन महिने ठेवली होती. ती सपक लागली, त्याचं बिल सालावर फाडत नाही.

उरलेली २०१९ ठेवून दिली आहे. अप्पा ऑगस्टात येतायत, गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठी वेली छाटतात त्याच्या, आत परत जायचंय त्यांना. पिणार नाहीत म्हणाले. "ओतून ठेव, वासावरून सांगतो किती पाऊस पडला व्हता ते."