नॅसमध्ये ४ टीबीच्या जागी १२ टीबी: आठ महिने वापरल्यानंतर

आधीच सांगतो, वेग वाढावा म्हणून हा खटाटोप करणार असाल तर राहू द्या. नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांच्या फाइली ठेवायची डिस्कची पेटी) साध्या गिगाबिट केबलने राउटरला जोडलेला असेल तर सेकंदाला ११०-११५ एमबीच्या पुढे काही सरकत नाही, आणि तेवढं माझ्या जुन्या ५४०० आरपीएमच्या (मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या) डिस्कही बऱ्याचदा देत होत्या. मला हवी होती जागा. दोन डिस्कचा नॅस, रेड १, म्हणजे एकीवर जे तेच दुसरीवर. ४ टीबीपैकी शंभरेक जीबी उरले होते आणि नॅस बीप करकरून जीव खात होता.

डिस्क निवडताना मी एकाच गोष्टीवर अडून बसलो: सीएमआर हवी, एसएमआर नको. सीएमआरमध्ये डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवता शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक कौल बदलायचं तर शेजारचीही हलवावी लागतात, तसंच इथे. रोजच्या वापरात ते जाणवत नाही, पण रिबिल्डच्या वेळी, म्हणजे नव्या डिस्कवर सगळा डेटा पुन्हा उतरवताना, अशी डिस्क रांगायला लागते. खोक्यावर हे लिहिलेलं असेलच असं नाही, मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावं लागतं.

प्रत्यक्ष बदलाआधी दोन कामं केली. सगळ्या डेटाची एक प्रत बाहेरच्या ५ टीबीच्या यूएसबी डिस्कवर घेतली आणि जुन्या जोडीवर डेटा स्क्रबिंग चालवलं, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासायला लावला. स्क्रबिंग का, तर पहिली डिस्क काढली की नॅसमधली एकमेव प्रत उरलेल्या म्हाताऱ्या डिस्कवर असते. तिच्यात वाचता न येणारा एखादा सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) दडून बसला असेल तर तो आधी कळलेला बरा, ऐन रिबिल्डमध्ये नको.

आता डिस्क ज्यात बसवून नॅसमध्ये सरकवतात त्या ट्रेची गंमत. जुन्या डिस्कला प्रत्येक बाजूला स्क्रूची तीन भोकं होती. नवीला मधलं भोकच नाही! पाच मिनिटं मी डिस्क उलटीपालटी करत बसलो. शेवटी कडेच्या दोन-दोन स्क्रूंवर भागवलं.

पहिला रिबिल्ड सुमारे दहा तास चालला. तो संपल्यावर जागा बघितली तर जैसे थे, कारण रेड १ मध्ये लहान डिस्क जेवढी तेवढीच जागा मिळते. दुसरी डिस्क घातली आणि इथे घोळ झाला. वेग सेकंदाला २०-३० एमबीवर अडकला. स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींची) पानं उघडली तर १९९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे सीआरसी एरर (डेटा येता-जाता झालेल्या चुका), दर थोड्या वेळाने वाढतोय. डिस्क खराब निघाली असं धरून मी ती परत करायच्या तयारीला लागलो होतो. पण हा आकडा चकतीबद्दल काही सांगत नाही, डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या जोडणीबद्दल सांगतो. नॅस रीतसर बंद केला, ट्रे बाहेर काढून पुन्हा आत ढकलला, तेव्हा ‘टक्’ आवाज आला. पहिल्या वेळी तो आला नव्हता, एवढंच. त्यानंतर सहा-सात तासांत काम झालं. १९९चा आकडा मागे येत नाही, तो आजही ४१ दाखवतो, पण तिथून हललेला नाही.

आणि इथे संपलं असं समजू नका. व्हॉल्यूम (नॅसवर वापरायला मिळणारी जागा) वाढवल्यावर उरलेल्या ८ टीबीची दोन डिस्कमधली जुळणी वेगळी होते, त्यात आणखी पंधरा तास गेले. शेवटी पडद्यावर १०.९ दिसले. १२ कुठे गेले म्हणून घाबरू नका: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, नॅस १०२४च्या.

आठ महिन्यांत सवय व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला तो आवाजाला. या ७२०० आरपीएमच्या डिस्क आहेत. फाइल शोधताना हेड फिरतं त्याचा कर्र-कर्र आवाज, शिवाय काही काम नसतानाही दर पाच सेकंदांनी एक बारीक टिक. हा बिघाड नाही, मोठ्या क्षमतेच्या काही डिस्क अशाच वागतात. पण माझा नॅस प्लायवूडच्या फळीवर होता आणि ती फळी रात्री ढोलकीसारखी वाजायची. खाली जुना माउसपॅड दुमडून घातला आणि आवाज निम्म्यावर आला. तापमान ३६ वरून ४४ अंशांवर गेलं होतं, पंख्याचा वेग एक पायरी वाढवल्यावर ४० वर थांबलं. डिस्क झोपवायची सोय मात्र मी बंदच केली. जागं व्हायला वीसेक सेकंद लागायचे आणि फोटो उघडायला कुणीतरी बसलं की ‘नॅस बंद आहे का?’ अशी हाक यायची.

एक गोष्ट मी आधी लक्षातच घेतली नव्हती. जागा मिळाली तसा मी आळशी झालो. पूर्वी एकच व्हिडिओ दोनदा पडलेला दिसला की पुसायचो, आता बघूनही पुढे जातो. वापरलेली जागा ५ टीबीच्या पुढे गेली आणि एका रविवारी बॅकअप फसला, कारण यूएसबी डिस्क तेवढीच्या तेवढीच होती. रेड हा बॅकअप नव्हे हे मीच दुसऱ्यांना ऐकवत असतो. चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जातो. तेव्हा सध्या फोटो आणि कागदपत्रं यूएसबी डिस्कवर, व्हिडिओ जुन्या ४ टीबीपैकी एकीवर, अशी विभागणी केली आहे. दुसरी जुनी डिस्क बदलाच्या दिवशी काढली तशीच, तारीख लिहून कपाटात ठेवली आहे.