जिताड्याच्या टाकीवरचा टायमरवाला एलईडी: पहाट छान, वीज गेल्यावर नापास

हॅचरीसाठी (माशाची अंडी उबवून पिल्लं काढायच्या जागेसाठी) म्हणून विकला जाणारा हा चार फुटी मंद होणारा दिवा घेताना वॅट नंतर बघा, आधी तो पेटतो कसा ते बघा. अंधाऱ्या टाकीवर झपकन उजेड पडला की जिताड्याची पिल्लं बिथरतात, भिंतीवर आपटतात, कडेला गोळा होतात. आणि हा मासा भावंडं गिळणारा! स्वतःच्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांश लांबीचं पिल्लू त्याच्या तोंडात शिरतं. गर्दी झाली की शूटरची, म्हणजे इतरांपेक्षा झपाट्याने वाढलेल्या पिल्लांची, चंगळ. तोंडाबाहेर शेपूट लोंबणारं पिल्लू दिसलं तर बहुतेक वेळा दोन्ही गेलीच समजा.

खाडीतून पकडलेल्या बीजाला (लहान पिल्लांना) ही कटकट नव्हती. चेन्नईच्या 'सीबा' या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनावर काम करणाऱ्या केंद्रीय संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं बीज हॅचरीत काढून दाखवलं, तेव्हापासून हा खर्च मागे लागला.

उजेड चढायला ३० मिनिटं लावता येतात, ही या दिव्याची खरी कमाई. पण अगदी खालच्या टप्प्यात ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) पेट घेत नाही, मग एकदम उडी मारतो. उपाय सोपा: भिंतीकडे तोंड केलेला एक झिरोचा बल्ब १० मिनिटं आधी लावा. मंद उजेडात मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये पट्टे सरकताना दिसले तर तो नग परत करा.

दिवा पाण्यापासून मीटरभर उंच टांगा आणि खाली दुधी अॅक्रिलिकचा पत्रा लावा. पत्रा नसेल तर मधोमध झगझगीत डाग पडतो, रोटिफर आणि आर्टेमिया हे पिल्लांचं बारीक जिवंत खाद्य तिथेच गोळा होतं आणि त्यांच्यामागे पिल्लं. या वयात ती डोळ्यांनीच शिकार करतात, त्यामुळे उजेड टाकीभर सारखा हवा. डायलवरच्या टक्क्यांवर विसंबू नका, उजेड मोजणारा लक्समीटर पाण्यालगत धरा. टाकीतलं सूक्ष्म शेवाळाचं हिरवं पाणी दाट झालं की तोच उजेड खाली कमी पोचतो.

मोठी खोट पुढे आहे. वीज जाऊन आली की दिवा टायमर विसरतो आणि थेट १०० टक्क्यांवर येतो. मध्यरात्री दोनला हे झालं तर सकाळी तळाशी काय दिसेल ते सांगायला नको. कंट्रोलर आणि ड्रायव्हर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. निव्वळ कंट्रोलर घेऊन भागत नाही. ड्रायव्हर टाकीच्या खोलीबाहेर ठेवा. दिव्याची नळी पाणी अडवते, पण खाऱ्या वाफेने वायरच्या जोडावर हिरवा थर चढतो.

दिव्याने पिल्लांचं एकमेकांना खाणं थांबतं असं विक्रेता सांगेल. नाही थांबत. दर तीन-चार दिवसांनी चाळण लावून प्रतवारी आणि वेळेवर खाद्य, याला पर्याय नाही.

अळ्यांच्या (अगदी कोवळ्या पिल्लांच्या) टाक्यांपुरताच घ्या. बोटुकल्यांना (बोटाएवढ्या पिल्लांना) शेडनेट पुरतं.