सायकोपीजी२ सोर्समधून बिल्ड करून आठ महिने: तक्रार एकाच फाईलची

आधीच सांगतो, चालतंय. सायकोपीजी२ म्हणजे पायथनचा प्रोग्राम पोस्टग्रेस या डेटाबेसला जोडणारी लायब्ररी; ती मी तयार न घेता सोर्स कोडवरून माझ्याच मशीनवर कंपाइल केली, म्हणजे बिल्ड केली. आठ महिन्यांत तिनं स्वतःहून एकदाही दगा दिला नाही. तरी चिडूनच लिहायला बसलोय. गेल्या सोमवारी लातूरच्या मार्केट यार्डात मामांच्या आडतीवर तुरीची पोती उतरत होती, शेतकरी पट्टीसाठी काउंटरला टेकून उभे होते आणि मी लिहिलेल्या पट्टीच्या प्रोग्रामच्या जागी स्क्रीनवर एकच ओळ: 'नो मॉड्यूल नेम्ड सायकोपीजी२'. मामा म्हणाले, "काय करायलास रे सकाळधरनं? आण ते पट्टीबुक इकडं." हमाली, तोलाई, सगळं तोंडी वजा करत त्यांनी दहा मिनिटांत चार पट्ट्या फाडल्या. मी कीबोर्डकडं बघत बसलो.

चूक माझीच. रविवारी यार्ड बंद म्हणून डेस्कटॉप उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर नेला आणि चालवून न बघताच घरी गेलो. पायथन ३.१० चा ३.१२ झाला. सायकोपीजी२सारखं सी भाषेत लिहिलेलं पायथनचं एक्स्टेन्शन ज्या पायथनसाठी कंपाइल केलं त्याच्याच दावणीला बांधलेलं असतं. तयार होणाऱ्या फाईलच्या नावातच 'सीपायथन-३१०' असं लिहिलेलं असतं. जुनं व्हर्च्युअल एन्व्ह (प्रोग्रामच्या लायब्ररींची वेगळी खोली) मोडलं, नवं केलं, लायब्ररी आणणारं पिप इन्स्टॉल मारलं, चहावाला पोऱ्या कप ठेवून जाईपर्यंत बिल्ड तयार. म्हणजे या वेळचा त्रास अर्ध्या तासाचाही नाही.

माझा राग जूनमधल्या पहिल्या बिल्डचा आहे, आणि तो पीजी-कॉन्फिगवर आहे.

मशीन जुनं आय३, ४ जीबी रॅम, हार्डडिस्क. इंटरनेट म्हणजे माझ्याच मोबाइलचा हॉटस्पॉट, दिवसाला दीड जीबी, आणि त्यातच दुपारी मामांचे व्हिडिओ. पोस्टग्रेस १४ त्याच मशीनवर. सायकोपीजी२ची तयार, आधीच कंपाइल केलेली बायनरी तीनेक एमबीची, सोर्स चारशे केबीच्याही आत. शिवाय रोजच्या खऱ्या कामासाठी सोर्समधूनच बिल्ड करा, असं त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. म्हटलं, डेटाही वाचेल आणि कामही पक्कं होईल.

बिल्ड पहिल्याच पायरीला आडवं पडलं. पीजी-कॉन्फिग हा एक चिमुकला प्रोग्राम. कंपाइल करताना लागणाऱ्या पोस्टग्रेसच्या हेडर फाईली कुठं आहेत, लायब्ररी कुठं आहे, एवढंच विचारल्यावर सांगायचं, बास. तो नसेल तर 'सापडला नाही' अशी सरळ एरर येते, आणि तिचा इलाज सगळ्यांना पाठ असतो. माझ्याकडं मात्र तो होता! प्रोग्राम कुठं आहे ते सांगणारं 'विच' मारलं तर यूएसआर-बिन फोल्डरमध्ये हजर. चालवला तर म्हणतो, सर्व्हर-साइड एक्स्टेन्शनसाठी 'पोस्टग्रेस्क्यूएल-सर्व्हर-डेव्ह' टाका, किंवा क्लायंट-साइड ॲप्लिकेशनसाठी 'लिबपीक्यू-डेव्ह' टाका. म्हणजे शेतात उभं केलेलं बुजगावणं. सर्व्हर टाकला की 'पोस्टग्रेस्क्यूएल-कॉमन'सोबत ही नावापुरती स्क्रिप्ट येऊन बसते. खरा पीजी-कॉन्फिग लिबपीक्यू-डेव्हमधून येतो. लिबपीक्यू म्हणजे पोस्टग्रेसशी बोलणारी क्लायंटची लायब्ररी, आणि 'डेव्ह' म्हणजे ती वापरून कंपाइल करायचं सामान.

आता तुम्हीच सांगा, सर्व्हर माझ्याच मशीनवर, आणि बनवतोय तेही 'एक्स्टेन्शन'. मी काय निवडणार? सर्व्हर-डेव्ह निवडलं. त्यानं क्लँग आणलं, एलएलव्हीएम आणलं, म्हणजे कंपाइलरचं भलंमोठं सामान, नवरदेव एक आणि वऱ्हाड ट्रकभर. ती सगळी वरात पोस्टग्रेसच्या पोटात चालणारा सी कोड लिहिणाऱ्यांसाठी असते. मी पायथनचं एक्स्टेन्शन बनवत होतो, म्हणजे पोस्टग्रेसच्या हिशोबानं निव्वळ क्लायंट. दिवसाचा डेटा दुपारी बाराला संपला. मामांचे व्हिडिओ बंद पडले ते वेगळंच. आणि गंमत म्हणजे बिल्ड झालं, कारण सर्व्हर-डेव्ह आपल्यासोबत लिबपीक्यू-डेव्हही घेऊनच येतं. त्यामुळं चुकीचं औषध घेतलंय हे कळायलाच मला महिना लागला. तो मेसेज उलटा लिहिला असता, क्लायंट आधी आणि सर्व्हर नंतर, तर माझ्यासारखे किती जण वाचले असते! पायथनचे हेडर, जीसीसी कंपाइलर यांची कटकट झालीच, पण ती नेहमीची, तिच्यावर शाई घालवत नाही.

बायनरीवाल्यांना मी आळशी म्हणायचो. ते अर्धं मागं घेतो. कॉलेजचा प्रोजेक्ट असेल तर बायनरीच टाका, कुणी फाशी देत नाही. मात्र बायनरीच्या पोटात लिबपीक्यू आणि ओपनएसएसएल (कनेक्शन एन्क्रिप्ट करणारी लायब्ररी) स्वतःचंच असतं. उबुंटूनं ओपनएसएसएलचा सिक्युरिटी अपडेट दिला तरी तिला त्याचा पत्ता नसतो. माझं बिल्ड सिस्टिमचीच लायब्ररी वापरतं. अपडेट आला, प्रोग्राम बंद करून चालू केला की काम झालं. दिवाळीच्या आगंमागं सोयाबीनची गर्दी होती तेव्हा हे फार बरं वाटलं, एक्स्टेन्शनला हातच लावावा लागला नाही.

इथवर लिहून झाल्यावर एका मित्राला वाचायला दिलं. त्यानं विचारलं, "ॲप्टमधलं पायथन३-सायकोपीजी२ का नाही टाकलंस?" मी गप्प. ॲप्ट म्हणजे उबुंटूचं स्वतःचं पॅकेज-कोठार. तिथलं हे उबुंटूनंच कंपाइल करून ठेवलेलं, सिस्टिमच्याच लिबपीक्यूला जोडलेलं, नुसतं केबीत उतरणारं. माझ्या प्रोग्रामला बाहेरची लायब्ररी हीच एक, त्यामुळं व्हर्च्युअल एन्व्हचीही गरज नव्हती. अपग्रेडमध्ये पायथनसोबत तेही बदललं असतं आणि सोमवार नेहमीसारखा गेला असता.

पुढच्या रविवारी तेच टाकतोय, आणि या वेळी चालवून बघूनच घरी जाणार. ज्यांना सोर्सच हवं त्यांनी बिल्ड-इसेन्शियल, पायथन३-डेव्ह आणि लिबपीक्यू-डेव्ह एवढी तीनच टाकावीत. माझ्यासारखं सर्व्हर-डेव्ह टाकून बसला असाल तर ते काढण्याआधी लिबपीक्यू-डेव्ह वेगळं 'मॅन्युअल' मार्क करा, नाहीतर ऑटोरिमूव्हमध्ये (गरज नसलेली पॅकेजं ॲप्ट काढून टाकतं तेव्हा) तेही जाईल. आधीच झालेलं बिल्ड मात्र त्यानं मोडत नाही, चालायला साधं लिबपीक्यू५ पुरतं.

ती वरात काल काढली. डिस्कवरची जागा परत आली. त्या दिवशीचा डेटा तेवढा गेला तो गेलाच.