डोअर वायझर बसवताना गाडीजवळून हलू नका, नाशिकमध्ये आम्हाला असं गंडवलं

पिकअप असो, छोटा हत्ती असो नाहीतर आयशर, नाशिकमध्ये दरवाज्याला वायझर (काचेच्या वर टेपने चिकटवतात ती पावसाची पट्टी) बसवायला निघाला असाल तर आधी हे वाचा. आमची बोलेरो पिकअप आहे, पंचवटी मार्केटमधून भाजीपाला भरून वाशीला जाते, एसी नाही. पावसाळ्यात इगतपुरी-कसारा पट्ट्यात काय होतं ते त्या रोडला चालणाऱ्याला सांगायला नको, काच बंद केली की पुढच्या काचेवर आतून वाफ धरते आणि समोरचं काही दिसत नाही, काच उघडली की ड्रायव्हरचा उजवा खांदा भिजून निघतो. वायझर असला की काच दोन बोटं खाली ठेवता येते, पाणी आत येत नाही आणि वाफपण निघून जाते. त्यामुळे लोकं म्हणतात तशी ही नुसती शायनिंगची वस्तू नाही, निदान बिनाएसीच्या गाडीला तरी नाही.

तर शहरातलंच एक ॲक्सेसरीजचं दुकान, नाव टाकत नाही कारण तक्रार चालू आहे. काउंटरमागे सॅम्पल टांगलेलं होतं, काढून हातात दिलं, चांगला जाड माल, कडा गोल केलेल्या, आतल्या बाजूला पार्ट नंबर साच्यातच उमटलेला. चौदाशे सांगितले, बाराशेला तुटलं, फिटिंग त्यातच. शेठ म्हणे दादा कंपनीचा ओरिजिनल माल आहे, चिकटवायचा टेप थ्री एम कंपनीचा, गाडी विकाल पण वायझर हलणार नाही. मग चहा मागवला, कांद्याला काय भाव, लासलगावला काय निघाला, अशा गप्पा चालू झाल्या आणि तेवढ्यात पोरगा आतून एक बॉक्स घेऊन गाडीकडे गेला. आम्ही बाहेर आलो तोपर्यंत दोन्ही बाजू चिकटवून झालेल्या. सगळा खेळ ह्या चहात आहे. टांगलेलं सॅम्पल एक आणि आतून येतो तो माल दुसराच, आणि एकदा चिकटला की परत घ्यायचा प्रश्नच नाही, टेप गेला ना आता.

पहिली शंका ड्रायव्हरला आली. रात्री म्हणे मालक, मागच्या गाडीचे लाईट आरशात दोन-दोन दिसतात. जाऊन बघितलं तर वायझरची पुढची पट्टी आरशाच्या बरोबर आड येते आणि तिच्यातून बघितलं की सगळं लाटा आल्यासारखं वाकडं दिसतं. साच्यातून काढलेल्या चांगल्या ॲक्रेलिकमध्ये असं होत नाही, हा शीट कापून गरम करून वाकवलेला माल होता, कडेवरून बोट फिरवलं तर करवतीची धार लागत होती. पार्ट नंबर तर नव्हताच.

दुकानात फोन केला तर "सगळे असेच असतात दादा, डोळ्याला सवय होईल." डोळ्याला सवय!

पुढे गोंद्याच्या अलीकडे चालत्या गाडीचा डाव्या बाजूचा वायझर उडाला. मागे कोणी बाईकवाला नव्हता हे नशीब. दरवाज्यावर टेपचा जो भाग राहिला होता तो दाबला तर त्यातून पाणी आलं, अक्षरशः भांडी घासायच्या स्पंजसारखं. आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक टेपमध्येच असते आणि वरून काही कळत नाही. चांगला टेप ॲक्रेलिक फोमचा असतो, ओढला की रबरासारखा ताणतो, पाणी पीत नाही. हलका टेप साध्या फोमचा, नखाने खरवडला की भुगा होतो. आणि लोकं टेपवरची ती सोलायची लाल फिल्म बघून ओरिजिनल म्हणतात ना, त्याला काडीचा अर्थ नाही, लाल फिल्म कोणीही कोणत्याही टेपला लावतो, दुकानदाराला पण माहितीये की गिऱ्हाईक लाल रंग बघतं. बसवायच्या आधी कोपऱ्यात जरासा टेप नखाने ओढून बघायचा, नाही म्हणाला तर उठून यायचं.

गाडी परत दुकानात पाठवली, मी नव्हतो, ड्रायव्हर एकटा होता. शेठ आधी म्हणाला तुम्ही प्रेशरने धुतली असेल. मग म्हणाला बरं थांब पक्काच करून देतो, आणि पोराने ड्रिल काढून दरवाज्याच्या फ्रेमला भोकं पाडून स्क्रू मारले. दोन्ही बाजूला! ड्रायव्हर बिचारा काय बोलणार, त्याला वाटलं मालकाने सांगितलं असेल. आता त्या भोकांतून पाणी आत उतरतं, पत्रा कापला तिथला कलर गेला, आणि स्क्रूच्या भोवती तांबडा गंज धरून ओघळ खाली आलेत. आडगाव नाक्याच्या डेंटरने बघितलं तर तो आधी हसलाच, मग म्हणाला भरून, घासून, कलर मारावा लागेल, वायझरच्या दुप्पट खर्च. वायझर पडला तर फार तर वायझरचे पैसे जातात पण स्क्रू मारला की दरवाजा जातो. तुमच्या ड्रायव्हरला आजच सांगून ठेवा, कोणी ड्रिल काढलं की आधी मालकाला फोन लावायचा.

त्याच दुकानात काचेच्या खाचेत बसणारा प्रकार पण गळ्यात मारत होते, टेपचं टेन्शनच नाही म्हणून. खाचेत बसणारा वाईट नसतो पण गाडीच्या मापाचाच पाहिजे, जाड निघाला की काच आवळते, हँडलवाल्या गाडीत ड्रायव्हर जोर लावून फिरवतो आणि आतली मशीन तुटते. पॉवर विंडोला अँटी पिंच असेल तर काच वर जाऊन अडकली की परत खाली येते, माझ्या मेहुण्याच्या कारचं तेच झालं. वर पिकअपला काळी फिल्म फुकट मारून देतो म्हणे. सुप्रीम कोर्टाने २०१२ ला काळ्या फिल्मवर बंदी घातली, दंड आम्ही भरायचा आणि फिल्म ह्याची फुकट.

बॉक्सबद्दल पण सांगतो. फिटिंगनंतर खाली पडलेला बॉक्स ड्रायव्हरने सहज सीटमागे टाकला होता म्हणून वाचला. त्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही, महिना-वर्ष नाही, कस्टमर केअर नाही, फक्त चकचकीत अक्षरात जेन्युइन. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने लागतं. बिल मागितलं होतं तेव्हा व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून दिला, आणि स्कॅनर केला तर पैसे दुकानाच्या नावावर नाही, कोणा भलत्याच माणसाच्या नावावर गेले. तो पेमेंटचा स्क्रीनशॉटच आता पुरावा म्हणून कामाला आला.

मी भांडायला गेलो तर शेठचं नवीन, गाडी कमर्शियल आहे, तुम्हाला ग्राहक कायदा लागत नाही. हे ऐकून बरेच जण गप्प बसतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे, स्वतः धंदा करून पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली असेल तर तो माणूस ग्राहकच. ज्याची एकच गाडी आहे आणि तिच्यावरच घर चालतं त्याने हे ऐकून माघारी फिरायची गरज नाही. १९१५ वर, म्हणजे सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनवर, फोन करून तक्रार नोंदवली, बॉक्सचे फोटो, पेमेंट, स्क्रूचे फोटो सगळं जोडलं.

नवीन वायझर मी घेऊन आलो आणि आम्हीच बसवला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्रेम पुसली (डिझेलच्या फडक्याने पुसू नका, तेलकट थर राहतो आणि टेप धरत नाही), टेप न सोलता आधी लावून आरसा मोकळा दिसतो का बघितलं, मग सोलून इंच-इंच दाबत गेलो. ह्या टेपला पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात म्हणून गाडी धुतली नाही आणि काच वरच ठेवली. दुकानवाला पाच मिनिटात लावून लगेच हायवेला सोडतो.

जुनी भोकं सिलंटने बुजवलीत, कलर बाकी आहे. तक्रार गेल्यावर शेठचा फोन आला, पाचशे घ्या आणि विषय संपवा. मी विचारलं दरवाज्याचं काय, तर म्हणे ड्रिल तुमच्या ड्रायव्हरनेच मारायला सांगितलं, आणि फोन ठेवला.