फुटबॉल मॅनेजर २०२४: बुडणारी टीम घ्या, मग हा गेम कळतो

दीड वर्ष झालं मी एफएम २४ खेळतोय, तास मोजले तर ४०० च्या वर गेलेत, त्यामुळं आता यावर लिहायला हरकत नाही असं वाटलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, यात बटणं दाबून गोल मारायचा नसतो. तुम्ही मॅनेजर असता. टीम निवडायची, ट्रेनिंग ठरवायचं, प्लेयर घ्यायचे-विकायचे, टॅक्टिक लावायची आणि मग बाजूला उभं राहून बघायचं. लंडनच्या स्पोर्ट्स इंटरअ‍ॅक्टिव्ह या स्टुडिओचा गेम आहे, सेगा तो काढते, आणि १९९२ ला 'चॅम्पियनशिप मॅनेजर' नावानं याची सुरुवात झाली, फुटबॉल मॅनेजर हे नाव २००४ पासूनचं.

यावर जे रिव्ह्यू वाचायला मिळतात ते बहुतेक मँचेस्टर सिटी, रिअल माद्रिद, नाहीतर मँचेस्टर युनायटेड अशा बड्या टीम घेऊन खेळलेल्या लोकांचे असतात आणि मग 'पहिल्याच सीझनला ट्रेबल (एकाच सीझनला तीन मोठ्या ट्रॉफ्या) मारली, गेम सोपा आहे' असं लिहिलेलं असतं. चांगल्या टीमबरोबर काहीही लावलं तरी चालतंय, कारण तुमचा प्लेयर समोरच्यापेक्षा मुळातच चांगला असतो आणि तुमची चूक तो झाकून टाकतो. टॅक्टिक म्हणजे काय हे शिकायचं असेल तर जिच्याकडं चुका झाकायला कोणी नाही अशी टीम घ्यायला पाहिजे. मी इंग्लंडची लुटन टाऊन घेतली.

लुटनच का, तर २०२३-२४ ची ही टीम माझ्या मनात बसलेली आहे. मे २०२३ मध्ये वेम्बलीवर कॉव्हेंट्रीला पेनल्टीवर हरवून प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आले. त्यांचं केनिलवर्थ रोड हे मैदान जेमतेम बारा हजार माणसं मावतील एवढं छोटं, आणि बाहेरून आलेल्या सपोर्टरना आत जायला घरांच्या रांगेतून, खरोखर लोकांच्या घराखालून जावं लागतं, पलीकडं परसात दोरीवर कपडे वाळत असतात. पेठेत वाढलेल्या माणसाला हे बघून लगेच आपलं वाटतं. पेली रडॉक म्पान्झू हा त्यांचा मिडफिल्डर एकाच क्लबबरोबर नॉन-लीगपासून (वरच्या चार लीगच्याही खालचं फुटबॉल) प्रीमियर लीगपर्यंत आला, असं करणारा तो पहिला. खऱ्या सीझनला मॅनेजर रॉब एडवर्ड्सची ही टीम वीसमध्ये १८ वी आली, म्हणजे खाली गेली, कारण शेवटच्या तिघांना खालच्या लीगमध्ये जावं लागतं; २६ पॉइंट, ५२ गोल मारले आणि ८५ खाल्ले. आर्सेनलबरोबर ३-३ असताना ९७ व्या मिनिटाला त्यांच्या डेक्लन राइसनं गोल मारला ती मॅच मी जागून बघितली होती, त्या रात्री मला झोप लागली नाही. ब्रायटनला ४-० मारलं, अडेबायोची हॅटट्रिक, ती पण बघितली. अशी टीम आहे ही. मारतेय पण, खातेय पण.

पहिल्या सेव्हला, म्हणजे गेममधल्या पहिल्या डावाला, मी नेटवरून टॅक्टिक उतरवली. ४-२-३-१, सगळं वर, प्रेस (बॉल असलेल्याच्या अंगावर धावून जाणं) एकदम फुल, बॉल गेला की लगेच तो परत हिसकवायला काउंटर प्रेस. पहिल्या चार मॅच बऱ्या गेल्या आणि नोव्हेंबरपासून टीम कोसळायला लागली. साठाव्या मिनिटानंतर सगळ्यांच्या दमाचा रंग लाल, आणि एकदा पहिला प्रेस फुटला की मागं धावायला वेग नाही. फेब्रुवारीत क्लबच्या बोर्डानं मला काढून टाकलं. टॅक्टिक वाईट नव्हती, ती दुसऱ्या प्लेयरसाठी केलेली होती. हा गेम प्लेयरला १ ते २० मध्ये आकडे देतो, वेग, दम, कामाची तयारी, पोझिशनिंग, कॉन्सन्ट्रेशन, डिसिजन असं बरंच, आणि लुटनचे आकडे नीट वाचले तर दिसतंय की ही टीम ताकदीची, उंच आणि कष्टाळू आहे पण पायात बॉल घेऊन मधून जाणारी नाही. हे मी वाचलंच नव्हतं, माझी चूक.

दुसरी सेव्ह परत लुटनच. यावेळी मागं पाच, डिफेन्सिव्ह लाइन खाली ओढली. पण नुसतं मागं बसून मॅच जिंकत नाही म्हणून पुढच्या तिघांना हाय प्रेसवर ठेवलं. म्हणजे बॅक खाली आणि फॉरवर्ड वर. त्यावेळी मला हे फार बॅलन्स्ड वाटलं होतं. १४ मॅच, ८ पॉइंट. फॉर्मेशन बदलून बघितली, ५-४-१, ५-३-२, ४-४-२, दर आठवड्याला नवीन, तरी गोल तसेच पडत होते.

आणि मग मामांनी सांगितलं. माझे मामा ऐंशीच्या दशकात तालमीच्या फुटबॉल टीमकडून लेफ्ट हाफ खेळायचे, आजही कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सीझनची एक मॅच चुकवत नाहीत, कॉम्प्युटरला मात्र त्यांनी हात लावलेला नाही. ब्रेंटफर्डबरोबर मॅच चालू होती, मी ०-१ नं मागं. २डी व्ह्यू लावला होता, म्हणजे मैदानावर नुसते रंगीत ठिपके पळतात. मामा चहाचा कप घेऊन मागं उभे होते. दोन-तीन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "हे भगवे तुझे व्हय?" म्हटलं, हो मामा, माझेच. "मग तुझे बॅक हितं आणि फॉरवर्ड तिकडं, मधी बैलगाडी जाईल की रं. त्यो त्यांचा एक पोरगा कवाधरनं एकटा हुबा हाय, त्याला कोण धरणार?"

मी मॅच पॉज केली. माझे पाच बॅक पेनल्टी बॉक्सच्या तोंडावर, तिघं फॉरवर्ड समोरच्या बॅकच्या अंगावर, आणि मधल्या दोघांच्या मागं पंचवीस-तीस यार्डाचं मोकळं मैदान. त्यांचा दहा नंबर, म्हणजे फॉरवर्डच्या मागं खेळणारा, तिथं आरामात उभा. बॉल आला की वळायला वेळ, मान वर करून बघायला वेळ, पास द्यायला वेळ. मागं जाऊन रिप्ले बघितला तर पहिला गोलसुद्धा तसाच. माझा मधला सेंटर बॅक पुढं जावं की थांबावं या विचारात दोन पावलं पुढं आला, परत एक पाऊल मागं गेला, आणि तेवढ्यात बॉल त्याच्या पाठीमागं पडलेला. मी तीन महिने त्या बॅकला दोष देत होतो, त्याला बेंचवर पण बसवलेलं. तो बिचारा दोन जणांचं काम करत होता.

एफएम मध्ये हे दोन वेगळे पर्याय आहेत आणि नवीन माणूस इथंच फसतो. डिफेन्सिव्ह लाइन म्हणजे तुमचे बॅक कुठं उभे राहणार, आणि लाइन ऑफ एंगेजमेंट म्हणजे प्रेस कुठून सुरू होणार. दोन्हीतलं अंतर वाढलं की टीम लांबते, आणि लांबलेल्या टीमला कुठलीच फॉर्मेशन वाचवत नाही. मी प्रेस मिड ब्लॉकवर, म्हणजे मैदानाच्या मध्यावर आणला, बॅक एक पायरी वर उचलून स्टँडर्डला आणले आणि बॉल गेला की काउंटर प्रेसऐवजी रिग्रुप, म्हणजे पळत सुटायचं नाही, आधी आपल्या जागेवर या. ती मॅच ०-२ नंच हरलो. पण पुढची ०-० झाली, त्याच्या पुढची १-१, मग एक ०-१ हरलो आणि मग सलग दोन जिंकलो. लुटनसारख्या टीमला दोन सलग विजय म्हणजे काय असतंय ते मिड-टेबलवाल्यांना कळायचं नाही.

दुसरी गोष्ट ड्यूटीची. स्क्रीनवर जी फॉर्मेशन मांडतो ती बॉल आपल्याकडं नसतानाची असते. बॉल आल्यावर टीम कशी पसरणार हे प्रत्येकाचा रोल आणि ड्यूटी ठरवते, डिफेंड, सपोर्ट की अ‍ॅटॅक. माझे दोन्ही विंगबॅक (कडेनं वर-खाली पळणारे बॅक) अ‍ॅटॅकवर होते. कागदावर पाच बॅक, पण बॉल गेला त्या क्षणी मागं तिघंच, आणि दोन्ही कोपरे उघडे. डावीकडं अल्फी डॉटीला अ‍ॅटॅकवरच ठेवला, कारण टीममध्ये क्रॉस टाकणारा खरा पाय तोच एक. उजवीकडं काबोरेला सपोर्टवर आणला, आणि सेंटर बॅकच्या समोर नकांबाला अँकर, त्यानं कुठंही जायचं नाही, फक्त ती मोकळी जागा राखायची. पुढं अडेबायो टार्गेट फॉरवर्ड, म्हणजे लांबून आलेले उंच बॉल घेणारा, त्याच्या डोक्यावरून पडणाऱ्या बॉलवर मॉरिस. एवढंच. दिसायला काही भारी नाही, पण प्रत्येकाला जमणारं काम प्रत्येकाकडं.

सेट पीस, म्हणजे कॉर्नर आणि फ्री किक, हा एफएम २४ चा खरा नवा भाग आहे आणि गरीब टीमसाठी तर वरदान. या व्हर्जनमध्ये सेट पीस कोच ठेवता येतो, तो प्रश्न विचारतो, मॅन मार्किंग (एकानं एकाला धरायचं) की झोनल (आपापली जागा राखायची), जवळच्या पोस्टवर की लांबच्या, आणि त्यावरून रुटीन तयार होतं. लुटनकडं उंची आहे, मग ती वापरायची. त्या सीझनच्या माझ्या ४१ गोलपैकी १३ कॉर्नर आणि फ्री किकवरून आले. मिडफिल्डमधून पास करत जाऊन गोल मारणं दिसायला सुंदर असतं, मला पण आवडतं, पण टेबलात तळाला असताना कॉर्नरचा गोलही तेवढाच मोलाचा.

संयमाची गोष्ट पण गेम चांगली दाखवतो. टॅक्टिकशी टीमची ओळख किती झालीय याचा एक बार असतो, फॉर्मेशन बदलली की तो खाली जातो. मी दर आठवड्याला बदलत होतो म्हणजे टीमला दर आठवड्याला नवीन घरात राहायला पाठवत होतो. नंतर ठरवलं की सहा मॅच काही हलवायचं नाही, हरलो तरी. मग निकालाऐवजी डेटा हबमध्ये जाऊन एक्सजी बघायला लागलो. एखाद्या जागेवरून मारलेला शॉट गोल होण्याची शक्यता किती, त्याचा हा आकडा. ०-१ हरलो पण समोरच्याचा एक्सजी ०.६ आणि माझा १.३ असेल तर टीम बरोबर चाललीय, थांबायचं. जिंकलो पण आकडे उलटे असतील तर मात्र काळजी करायची.

आता विकत घेणाऱ्यांसाठी. माझा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड नाही, तरी व्यवस्थित चालतो, फक्त सुरुवातीला लीग कमी लोड करा, इंग्लंड आणि अजून एखादी बास. २डी व्ह्यू ठेवला तर जुन्या मशिनवर पण चालेल, आणि टॅक्टिक बघायला मला तोच बरा वाटतो. मराठी भाषा नाही, सगळं इंग्रजी वाचावं लागतं आणि वाचायला प्रचंड आहे, पहिले वीस तास डोकं भंजाळतं. पत्रकार परिषदा त्याच त्याच प्रश्नांच्या, मी त्या असिस्टंटला देऊन टाकल्या. 'की हायलाइट्स' वर मॅच अजिबात बघू नका. तिथं फक्त शॉट दिसतात, आणि शॉटच्या तीस सेकंद आधी काय झालं तेच तर बघायचं असतंय. निदान पहिल्या पाच मॅच फुल बघा, वेळ जातो, जाऊ दे.

एफएम २५ निघालाच नाही, फेब्रुवारी २०२५ मध्ये तो रद्द केल्याचं जाहीर झालं. एफएम २६ नोव्हेंबर २०२५ ला आला, नवीन इंजिनवर, त्यात बॉल असताना आणि नसताना वेगळी फॉर्मेशन लावता येते आणि महिला फुटबॉल पण आलंय. तो अजून मी घेतलेला नाही, माझी लुटन अर्ध्यावर सोडवत नाही. पहिल्यांदाच खेळणार असाल आणि २४ स्वस्तात मिळत असेल तर बिनधास्त घ्या. स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार.

यामुळं माझ्या मॅच बघण्यात फरक पडलाय हे सांगायलाच पाहिजे. मागच्या सीझनला स्टेडियमवर आमच्या पेठेची टीम मार खात होती, आजूबाजूला सगळे फॉरवर्डला शिव्या घालत होते आणि माझी नजर मात्र हाफ आणि बॅकमधल्या अंतरावर. मामांना म्हटलं, मधी मोकळं पडलंय. ते मैदानावरून नजर न काढता म्हणाले, "दिसाय लागलं म्हण की तुला." मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी.

लुटन १७ वी आली, ३६ पॉइंट, शेवटच्या दिवशी ड्रॉ पुरेसा होता आणि ८८ व्या मिनिटाला डॉटीच्या कॉर्नरवर अडेबायोनं हेड मारून बरोबरी केली. आता दुसरा सीझन चालू आहे, ९ मॅच, ११ पॉइंट, आणि डॉटीसाठी मोठ्या क्लबची ऑफर येऊन पडलीय. विकला तर दोन चांगले बॅक येतील, पण कॉर्नर घ्यायला कोणी उरत नाही. ऑफरला उत्तर द्यायला गेमचे तीन दिवस शिल्लक आहेत, सेव्ह तिथंच थांबवून ठेवलीय. रविवारी मामा जेवायला येणार आहेत, त्यांना विचारून मगच पुढं जाईन.